धनंजयराव गाडगीळ आणि खानदेशच्या कापसाचा हिशेब

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशासंबंधी असून तो १८८० साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली, अशी नोंद त्यात आढळते. त्या युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकन कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कधी नव्हे इतके चढले. खानदेशात पैसा आला. जळगावला आडती उघडल्या, पुढे सूतगिरणी उभी राहिली, जिन आणि प्रेस यांची रांग लागली. कापसाने जळगाव मोठे केले, ही गोष्ट या जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ज्या शेतांतून हा कापूस येत होता तेथे त्या पैशातील किती वाटा पोहोचला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न शास्त्रशुद्ध पद्धतीने विचारण्याची आणि त्याचे उत्तर कागदपत्रांतून व आकड्यांतून शोधण्याची शिस्त ज्यांनी महाराष्ट्राला घालून दिली त्यांमध्ये प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. सहकारी साखर कारखानदारीचे मार्गदर्शक आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून ते सर्वपरिचित आहेत. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटून देण्याच्या सूत्राला त्यांचेच नाव मिळाले आहे. तथापि त्यांच्या कार्याचा आरंभ आर्थिक इतिहासाच्या अभ्यासाने झाला, आणि पुढील आयुष्यात त्यांनी जे जे उभे केले त्याची मुळे त्या पहिल्या अभ्यासात सापडतात, हे पुरेसे लक्षात घेतले जात नाही.

नागपूर ते केंब्रिज

गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. बालपण व शालेय शिक्षण नागपुरात झाले. त्यानंतर ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करून तेथेच त्यांनी संशोधनपर प्रबंध सादर केला. भारताच्या अलीकडील काळातील औद्योगिक उत्क्रांतीवरील हा प्रबंध १९२४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या वेळी लेखकाचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, त्यांत नव्या प्रकरणांची भर पडली, आणि दोन-तीन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अर्थव्यवस्थेचा पहिला पाठ या पुस्तकातून घेतला.

भारताच्या दारिद्र्याची मीमांसा त्यापूर्वी झालेली नव्हती असे नाही. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे, गणेश व्यंकटेश जोशी आणि रमेशचंद्र दत्त यांनी हा विषय हाताळला होता. दत्त यांचे दोन खंड १९०२ व १९०४ साली प्रसिद्ध झाले होते. मात्र या लेखनाचा रोख बहुधा परकीय राजवटीवरील आरोपपत्राचा होता, आणि त्या काळी तो तसा असणे योग्यच होते. गाडगीळांनी आरोप सौम्य केला नाही, पण प्रश्न बदलला. कर किती घेतला आणि संपत्ती किती बाहेर गेली, एवढ्यावर न थांबता, गावातील शेतकरी, कारागीर, व्यापारी आणि शहरातील कामगार यांच्या परस्परसंबंधांत १८६० नंतर नेमका काय पालट झाला, याचा त्यांनी तपास केला.

कारागिरांच्या ऱ्हासाची त्यांनी दिलेली कारणमीमांसा याचे उत्तम उदाहरण आहे. परदेशी यंत्रमालाची स्पर्धा हे कारण सर्वांना दिसत होते. गाडगीळांनी त्याच्या अगोदर घडलेल्या दोन गोष्टींकडे लक्ष वेधले. एक म्हणजे देशी दरबार नाहीसे झाल्याने उंची मालाचे गिऱ्हाईकच उरले नाही. दुसरी म्हणजे नव्या राजवटीबरोबर आलेल्या नव्या आवडीनिवडी आणि जुन्या कारागीर-संघटनांची सुटलेली पकड. खानदेशातील दाखला घ्यावयाचा तर फैजपूरचा देता येईल. कापडावरील छपाई व गडद रंगकाम यांसाठी हे गाव एके काळी प्रसिद्ध होते. तेव्हा तांबड्या रंगासाठी आलीची मुळे वापरीत. १८६९ नंतर युरोपात हाच रंग रसायनापासून तयार होऊ लागला, आणि एका रसायनशाळेतील शोधाची झळ तापीकाठच्या रंगाऱ्याला व आलीचे पीक घेणाऱ्या कुणब्याला लागली. त्याला त्या शोधाची वार्ताही नसावी.

कापूस शेतातून बाजारात जाताना

गाडगीळांच्या ग्रंथात खानदेशासाठी स्वतंत्र प्रकरण नाही. परंतु शेतीचे व्यापारीकरण या शीर्षकाखाली त्यांनी ज्या घडामोडींचे वर्णन केले आहे त्या खानदेशात इतक्या ठळकपणे घडल्या की, त्यांचे विवेचन पडताळून पाहण्यास याहून सोयीचा प्रदेश क्वचितच मिळेल.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा हा मुलूख उद्ध्वस्त झालेला होता. होळकरांच्या स्वाऱ्या, १८०२ ते १८०४ चा दुष्काळ आणि त्यानंतरची अंदाधुंदी यांनी असंख्य गावे ओस पडली होती. पहिले पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले आणि तेथे नवी पेठ वसविली. पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली येण्यास पुढे अनेक वर्षे लागली. जमिनीची मोजणी सुरू झाली तेव्हा, सारा वाढणार या भीतीने, १८५२ च्या अखेरीस सावदा, एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला. तो मोडण्यासाठी सरकारला लष्कर आणावे लागले. रोख रकमेत ठरलेला सारा हा या शेतकऱ्याच्या जीवनातील मध्यवर्ती प्रश्न झाला होता, याची ही साक्ष आहे.

या रोख साऱ्याला गाडगीळ फार महत्त्व देतात. धान्याच्या रूपाने सरकारचा वाटा द्यावयाचा असेल तर पीक बुडाल्यास वाटाही घटतो. रोख रक्कम ठरली की ती उभी करण्यासाठी काहीतरी विकावेच लागते, आणि तेही हप्त्याच्या तारखेच्या आत. म्हणजे शेतकरी बाजारात आला तो नफ्याच्या आशेने जितका आला तितकाच देण्याच्या तगाद्यानेही आला. त्यानंतर रेल्वे आली. थळघाट ओलांडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० नंतरच्या काही वर्षांत जळगाव-भुसावळपर्यंत पोहोचला आणि १८६७ साली नागपूरला भिडला. लमाणांच्या बैलतांड्यांनी आणि गाड्यांनी आठवडेच्या आठवडे चालणारी वाहतूक दिवसांवर आली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर चाळीसगाव-धुळे शाखा व सुरतेहून येणारा तापी खोऱ्याचा मार्ग सुरू झाला, आणि अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार या पेठांना मुंबईइतकाच सुरतेचा बाजार जवळचा झाला.

यंत्रही याच सुमारास आले. तोपर्यंत सरकी काढण्याचे काम घरोघरी रेच्यावर होत असे आणि ते प्रायः स्त्रिया करीत. शेतकऱ्याच्या घरात रुई तयार होत होती तोवर माल काही काळ धरून ठेवणे, थोडा थोडा विकणे त्याला शक्य होते. सरकीही घरी राही आणि ती बैलांच्या उपयोगी पडे. वाफेवरचे जिन आल्यावर सरकीसह कापूस गाडीत भरून पेठेला नेणे सोयीचे झाले. भारतातील खेडवळ भागात आलेला पहिला कारखाना म्हणजे हे हंगामी जिन-प्रेस होत, याकडे गाडगीळांनी लक्ष वेधले आहे. वर्षातील काही महिने चालणारा हा कारखाना मजुराला शेतीपासून पूर्णपणे तोडीत नाही आणि त्याला कायमचा रोजगारही देत नाही. खानदेशातील ज्या कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या खरिपाची कामे उरकली की जिनावर जाण्याचा परिपाठ ठेवला, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

कापूस पेठेत आल्यावर काय होई, हे जुन्या माणसांना चांगले आठवत असे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल त्याला तो भाव कळेच असे नाही. मग वजनात कडता, हमाली, तोलाई, दलाली, धर्मादाय अशा वजावटी सुरू होत. गाडी रिकामी झाल्यावर मालात खोट काढून भाव उतरविण्याची चाल होती, आणि रिकामी गाडी पुन्हा भरून घरी परतणे शेतकऱ्याला शक्य नसे. त्यातही ज्याने पेरणीच्या वेळी सावकाराकडून रक्कम उचललेली असे, त्याचा कापूस बाजारभावाला सामोरा जातच नसे. तो सावकाराच्या वखारीकडे वळे.

या संदर्भात दोन कायदे शेजारी ठेवून पाहावेत. मुंबई इलाख्यात कापसातील भेसळ रोखण्याचा कायदा १८६३ साली झाला. ओला कापूस, माती वा सरकी मिसळलेली रुई बाजारात आणणाऱ्यास शिक्षा देणारा हा कायदा मुंबईच्या निर्यातदाराचे आणि पलीकडे लिव्हरपूलच्या खरेदीदाराचे रक्षण करीत होता. शेतकऱ्याला मोकळ्या लिलावाची, खऱ्या वजनाची आणि मान्य वजावटींची हमी देणारा मुंबईचा कापूसबाजार कायदा मात्र १९२७ साली झाला. या दोहोंमध्ये चौसष्ट वर्षांचे अंतर आहे. शेजारच्या वऱ्हाडात असा कायदा १८९७ पासून अमलात होता, म्हणजे गोष्ट अशक्य नव्हती. १९२७ च्या कायद्याखाली आरंभीच्या काळात जे बाजार नियंत्रित झाले त्यांत धुळ्याचा कापूसबाजार होता. पुढे १९३९ च्या कायद्याने हे नियंत्रण इतर शेतमालालाही लागू करण्याचा मार्ग मोकळा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा उगम तेथे आहे.

बियाण्याची कथाही बोधक आहे. यादवी युद्धाच्या काळात आणि त्यानंतर, खानदेशातील आखूड धाग्याचा देशी कापूस जाऊन लांब धाग्याचा हिंगणघाटी कापूस यावा यासाठी सरकारी अधिकाऱ्यांनी खटपट केली. कलेक्टर ॲशबर्नर यांचा त्यात पुढाकार होता. काही काळ त्यात यश आले, परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकरी रोझियम नावाने ओळखल्या जाणाऱ्या आखूड धाग्याच्या जातीकडे वळला. कापूस सुधारण्याच्या गोष्टी करणाऱ्यांना हा अडाणीपणा वाटला. वस्तुतः या जातीचे पीक भरघोस येई आणि ठराविक वजनाच्या कापसातून रुई अधिक पडे. लांब धाग्याला जो जादा भाव मुंबईत मिळे त्यातील फारच थोडा शेतकऱ्यापर्यंत पोहोचत असल्याने त्याचा हिशेब बरोबर होता. पुढे जळगावच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने जरिला हे वाण निघाले, ते उत्पन्न व धागा या दोन्ही बाबतींत सरस ठरले आणि खानदेशात झपाट्याने पसरले. शेतकरी बदलाला विरोध करतो हे गृहीतक धरून चालणाऱ्या विस्तार अधिकाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

दुष्काळ, कर्ज आणि सौद्यातील दुबळेपणा

रेल्वे झाल्यानंतरच्या दुष्काळांचे स्वरूप बदलले, हे गाडगीळांचे आणखी एक महत्त्वाचे निरीक्षण होय. पूर्वी एखाद्या प्रांतात धान्य संपले की ते बाहेरून आणण्याचे साधन नव्हते. १८७६-७८ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत धान्य आगगाडीने येऊ शकत होते, भाव मात्र सर्वत्र चढत होते, आणि काम बंद पडल्याने ज्यांच्या हाती पैसा नव्हता ते मजूर व लहान शेतकरी उपाशी राहत होते. टंचाई धान्याची कमी आणि रोजगाराची अधिक, असा हा पालट होता. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा विचार करताना १९२४ सालच्या ग्रंथातील हे विवेचन वाचण्याजोगे आहे.

१८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला व तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कायद्याने सावकाराचा हात न्यायालयात अडविला, तरी शेतकऱ्याला पेरणीसाठी पैसा लागतोच. तो देणारी दुसरी संस्था उभी केल्याविना सावकारी संपत नाही. सावकार म्हणजे केवळ कर्ज देणारा नव्हे, तोच खरेदीदार आणि तोच दुकानदार, ही गोष्ट गाडगीळांच्या पुढील सर्व विचारांच्या तळाशी आहे. कर्ज, विक्री आणि प्रक्रिया ही तिन्ही कामे एका हाती असल्याने त्याचे सामर्थ्य होते. त्याच्याशी सामना देणारी संस्था नुसती पतपेढी असून कशी चालेल?

पाहणीची शिस्त

इंग्लंडहून परतल्यावर १९२५ ते १९३० या काळात गाडगीळ सुरतेच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्य होते. सुरत जिल्ह्यात त्या वेळी शेतकऱ्यांच्या सहकारी कापूस विक्री संस्था उभ्या राहत होत्या. खानदेशातून वाहत गेलेली तापी जेथे समुद्राला मिळते, त्या टोकाला शेतकरी आपला कापूस एकत्र करून विकू लागला होता, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

१९३० साली भारत सेवक समाजाच्या वतीने पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक म्हणून गाडगीळ आले. १९६६ पर्यंत ते त्या पदावर होते. या छत्तीस वर्षांतील कामाची पूर्ण यादी येथे देणे शक्य नाही. पुण्यातील फळबाजार, वाई तालुक्यातील शेतीचा जमाखर्च, पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी, गोदावरी व प्रवरा कालव्यांचे आर्थिक परिणाम, असे विषय पाहिले म्हणजे त्यांची दृष्टी कळून येते. कालव्यावरील अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत सरकार कालव्याचा हिशेब पाणीपट्टीच्या वसुलीवरून करी. गाडगीळांनी बागायतीमुळे वाढणारी मजुरी, व्यापार, वाहतूक आणि सरकारचे इतर उत्पन्न हेही जमेच्या बाजूस धरावे, असे दाखवून दिले. आज कोणत्याही पाटबंधारे प्रकल्पाच्या अहवालात हा विचार गृहीत धरलेला असतो.

संघटनेचा मार्ग

१९४५ साली बेलापूर येथे दख्खन कालव्यांवरील बागायतदारांची परिषद गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली भरली. ऊस पिकविणाऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढावा हा विचार तेथे बळावला. लोणी येथील विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून भागभांडवल गोळा केले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचे साहाय्य लाभले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. पहिली सुमारे दहा वर्षे गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. केंब्रिजचा विद्वान आणि फारसे शालेय शिक्षण न झालेला लोणीचा शेतकरी यांच्या या जोडीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, कारखान्याची कल्पना आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला नवी वाटण्याचे कारण नव्हते. जिन आल्यापासून कापूस उत्पादकाच्या हातून प्रक्रिया निसटली व तिच्याबरोबर सौद्याचे बळही गेले. उसाच्या बाबतीत ती प्रक्रिया उत्पादकाच्या मालकीची करणे, हा त्याच अनुभवावरून निघणारा उपाय होता.

अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने याच विचाराला देशव्यापी आधार दिला. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील तिच्या मार्गदर्शक समितीत गाडगीळ सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांत ही पाहणी झाली. १९५१-५२ साली शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जांपैकी सहकारी संस्थांकडून आलेला वाटा अवघा ३.१ टक्के निघाला. व्यापारी बँकांचा वाटा ०.९ टक्के होता. धंदेवाईक आणि शेतकरी सावकार मिळून जवळजवळ ७० टक्के कर्ज पुरवीत होते. अर्धशतकाच्या सहकारी चळवळीनंतरचे हे आकडे कोणालाही निराश करणारे होते. समितीने त्यावरून सहकार टाकून देण्याचा सल्ला दिला नाही. शासनाने भागभांडवलात सहभागी व्हावे, कर्ज विक्रीशी व प्रक्रियेशी जोडावे आणि गोदामे बांधावीत, अशी तिची शिफारस होती. १९५५ साली इम्पीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर झाले, १९५६ साली गोदामांचा कायदा झाला, तो या अहवालाचा परिणाम होय.

१९६७ ते १९७१ या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना गाडगीळांनी राज्यांना द्यावयाच्या केंद्रीय साहाय्याचे सूत्र ठरविले. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येला होता आणि दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्यांच्या विशेष समस्या यांना प्रत्येकी १० टक्के. १९६९ सालच्या त्यांच्या अभ्यासगटाने पतपुरवठ्यासाठी जिल्हा हे क्षेत्र धरण्याची शिफारस केली, आणि त्यातून अग्रणी बँक योजना निघाली. जिल्हा योजना आखण्याच्या मार्गदर्शक सूचनाही त्याच वर्षी राज्यांना गेल्या. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

आक्षेप आणि त्यांचे वजन

गाडगीळांचे सर्व निष्कर्ष आज जसेच्या तसे स्वीकारले जात नाहीत. एकोणिसाव्या शतकातील भारतीय अर्थव्यवस्थेविषयी प्रचलित मते तपासून पाहिली पाहिजेत, असे आव्हान अमेरिकन अभ्यासक मॉरिस यांनी १९६३ साली दिले आणि त्यावर मोठा वाद झाला. नील चार्ल्सवर्थ यांनी मुंबई इलाख्यातील शेतकऱ्यांवरील १९८५ च्या ग्रंथात, व्यापारी पिकांमुळे सारेच शेतकरी सारख्या प्रमाणात बुडाले ही समजूत टिकत नाही, असे प्रतिपादन केले. खानदेशापुरते पाहिले तर या आक्षेपात तथ्य आहे. तापीकाठच्या काळ्या सुपीक जमिनीतील ज्यांच्याजवळ बैल, गाडी आणि थोडीफार शिल्लक होती त्या शेतकऱ्यांनी कापसावर घरे बांधली, विहिरी खोदल्या, मुले शिकविली. साक्री, नवापूरच्या डोंगरपट्ट्यातील भिल्ल व कोकणा शेतकऱ्याची वा जमीन गमावलेल्या सालदाराची कहाणी निराळी झाली. बाजाराने सर्वांना सारखे लुटले नाही, त्याने माणसांमधील अंतर वाढविले. किंबहुना गाडगीळांच्या सौद्यातील बळाच्या विचाराला याने बाध येण्याऐवजी पुष्टीच मिळते, असे म्हणता येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सहकारी संस्था गावातील बलवानांच्या हाती जातात आणि लहान सभासद नावापुरता उरतो, असे बी. एस. बाविस्कर यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांच्या साखर कारखान्यांवरील अभ्यासांतून पुढे आले. खानदेशात फैजपूरचा मधुकर, शहाद्याचा सातपुडा-तापी, साक्री तालुक्यातील पांझरा-कान, चाळीसगावचा बेलगंगा असे कारखाने मोठ्या उमेदीने निघाले. त्यांपैकी काही कर्जाच्या भाराखाली बंद पडले. ऊस अपुरा, पाणी अनिश्चित, व्यवस्थापन ढिसाळ, अशी कारणे दिली जातात व ती खरीही असतील. पण सभासदाने ताळेबंद मागून वाचण्याची सवय जेथे लागली नाही, तेथे मालकी कागदावरच राहिली, ही बाब त्या कारणांच्या यादीत क्वचित येते.

कापसाच्या बाबतीत राज्याने १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजना राबविली. मध्यस्थाला वगळून शासनानेच सारा कापूस खरेदी करावा, असा तिचा हेतू होता. हमीचा भाव मिळाल्याने शेतकऱ्याला तिचा आधार वाटला. पुढे तोटा साचत गेला, चुकाऱ्यांना विलंब होऊ लागला आणि शेजारच्या राज्यांत भाव अधिक असला की कापूस सीमा ओलांडू लागला. या शतकाच्या आरंभी ती योजना गुंडाळली गेली. शासनाने खरेदीदार होणे आणि उत्पादकांनी स्वतः विक्रेता होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तीस वर्षांच्या त्या अनुभवातून दिसले.

पांझरेचा फड

सहकार ही बाहेरून आणलेली रोपटी आहे, असे म्हणणाऱ्यांनी धुळे जिल्ह्यातील पांझरेचे बंधारे पाहावेत. नदीवर लहान लहान बंधारे, त्यांतून निघणारे पाट, आणि पाटाखालील जमिनीचे फड. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पुढील वर्षी पिकांची फेरपालट करावयाची, असा दंडक. पाणी सोडण्यास पाटकरी, राखणीस जागल्या, देखरेखीस हवालदार, आणि त्यांचे वेतन लाभधारकांनी द्यावयाचे. पाटाच्या डागडुजीचे काम सर्वांनी मिळून करावयाचे. प्रत्येक फडात प्रत्येकाचा तुकडा असल्याने पाटाच्या शेपटाकडील माणूसही डोक्याकडील माणसाइतकाच वाटेकरी ठरे. ही पद्धती कित्येक पिढ्या चालली. वरच्या बाजूस धरणे व विहिरी झाल्यावर ती बऱ्याच ठिकाणी क्षीण झाली. तिचे नियम, वाटप आणि तंटे मिटविण्याच्या रीती यांची गावनिहाय नोंद करण्याचे काम शिक्षकांना व ग्रामपंचायतींना सहज हाती घेता येण्याजोगे आहे.

अशा नोंदीसाठी साधनांची वाण नाही. तलाठ्याच्या दप्तरातील पीकपाहणी, जुने आकारबंद, विविध कार्यकारी सोसायटीची कर्जखाती, बाजार समितीतील रोजची आवक व भाव, जिनाच्या गाठींची नोंदवही ही सर्व जिल्ह्यातच आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या १९२६ मधील निधनानंतर त्यांच्या नावाने धुळ्यात स्थापन झालेल्या संशोधन मंडळात जुन्या कागदपत्रांचा संग्रह आहे. वाई तालुक्यातील पाहणीत गाडगीळांच्या सहकाऱ्यांनी जे केले तेच लहान प्रमाणावर एखाद्या गावापुरते करता येईल. एक पीक निवडावे आणि त्याचा एक क्विंटल बांधापासून अखेरच्या खरेदीदारापर्यंत जाताना कोठे किती रक्कम कमी होते ते लिहून काढावे. घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरावी, कारण ती न धरल्यास तोट्याची शेती नफ्याची दिसते.

रावेर, यावल भागातील केळीपासूनही आरंभ करता येईल. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून केळीच्या वाघिणी उत्तरेकडे रवाना होत, तेव्हा उत्पादकांच्या फळविक्री संस्थांनी ही वाहतूक संघटित केली होती. पुढे मालमोटारी आल्या आणि व्यापारी थेट बागेत पोहोचला. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा भाव ठरताना मात्र शेजारच्या मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे पाहिले जाते. बऱ्हाणपूरचा जाहीर भाव, बागेवर प्रत्यक्ष मिळालेला भाव आणि दिल्लीच्या मंडईतील भाव हे तीन आकडे एकाच दिवसाचे घेऊन वर्षभर वहीत मांडले, तर प्रवास, पिकवणी आणि नासाडी यांचा खरा खर्च वजा जाता उरणारी रक्कम कोणाकडे राहते, ते त्या वहीतून दिसू लागेल.